इन्कोरोनाताची चूल

आमच्या सेर्रालूपात माणूस जन्माला यायचा तो जायलाच. इटलीतल्या एका डोंगराच्या टोकावर गाव, खाली सगळी दगडाळ वावरं. पोराला मिसरूड फुटली की आई लोकरीचे मोजे विणायला घ्यायची आणि म्हातारे पारावर बसून त्याला कुठल्या बंदरावर कोण लुबाडतं ते सांगायचे. कोण न्यूयॉर्कला गेलं, कोण अर्जेंटिनाला, कोण बेल्जियमच्या खाणीत. जाण्याचं आम्हाला नवल नाही. नवल इन्कोरोनाताचं, कारण ती कुठेच गेली नाही. खालच्या बाजारगावी दाढ काढायलासुद्धा गेली नाही. एजिदियोने पकडीने उपटली तिची दाढ, आणि एजिदियोचं दुकान तंबाखूचं होतं, दातांचं नव्हे.

आणि हे सगळं कशापायी, तर घरातल्या चुलीपायी. ती चूल तिने तीस वर्षांच्या वर विझू दिली नाही. दिवसा पेटती, झोपताना राखेखाली ओकच्या लाकडाचा जाड निखारा, सकाळी पुन्हा फुंकर. ऑगस्टमध्ये कुत्री सावली सोडत नाहीत तेव्हाही तिच्या धुराड्यातून धूर निघायचा. सरकारने गॅसचे सिलिंडर आणले, सगळ्या गल्लीने घेतले, ही मात्र पाठीवर मोळी बांधून रानातून यायचीच. टवाळ पोरं विचारायची, "काय गं इन्कोरोनाता आजी, नरकाची सवय करतेयस का?" ती म्हणायची, "मला कशाला सवय? तुझ्यासाठीच सरपण जमवून ठेवतेय." जिभेला हाड नव्हतं बाईच्या. पण चूल का राखतेस असं कुणी सरळ विचारलं, की तीच जीभ टाळ्याला चिकटायची.

गोष्ट लोरूसोंच्या घरची आहे. इन्कोरोनाताचा सासरा म्हातारा कानियो तरुणपणी न्यूयॉर्कला जाऊन भुयारं खणून आला. येताना जन्माचा खोकला आणला आणि हे घर बांधण्यापुरती कमाई. दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली, तेव्हा त्याने घराच्या मध्ये भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे थोरल्याची चूल, पलीकडे धाकट्याची, पाठीला पाठ लावून. धुराडं मात्र दोन्हींना एकच. म्हणजे इकडच्या जावेने कांदा परतला की तिकडच्या जावेला कळायचं.

थोरल्याची बायको इन्कोरोनाता, धाकट्याची दोनाता. थोरला अर्जेंटिनाला गेला. दोन वर्षं ख्यालीखुशाली कळवत होता, मग गप्प झाला. मेला की दुसरा संसार थाटला, देव जाणे. इन्कोरोनाता म्हणायची, "मेला असेल तर सुटला, आणि जिवंत असेल तर माझ्या समोर येईपर्यंतच." धाकटा लढाईत रशियाच्या बर्फात राहिला. दोघींच्या पदरात एकेक मुलगा. आता आमच्याकडे रीत अशी की पहिल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायचं, त्याला माफी नाही. त्यामुळे दोन्ही चुलतभावांचं नाव एकच, कानियो लोरूसो. म्हातारा पायरीवर बसून "कानियो" म्हणून हाक मारायचा आणि दोन पोरं दोन दारांतून धावत यायची. त्याला त्याची भारी मौज वाटे. गावाने आपल्या सोयीने इन्कोरोनाताचा तो थोरला कानियो आणि दोनाताचा तो धाकटा कानियो करून टाकलं.

थोरला कानियो आधी बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीवर गेला. नाताळात आला तो नवा कोट घालून, आणि जाताना धाकट्याला बरोबर घेऊन गेला. दोनाताचं मन नव्हतं. इन्कोरोनातानेच तिला समजावलं. "अगं, माझा आहे ना तिकडे. एकाला दोघं असलेली बरी. एकमेकांना बघतील." दोनाता म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या भरवशावर पाठवते हं." हे शब्द पुढे जन्मभर इन्कोरोनाताच्या कानात राहिले.

पुढच्या हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, एजिदियो गल्ली चढून वर आला. गावातला एकुलता एक फोन त्याच्या दुकानात. गल्लीने त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळलं, कारण टोपी त्याच्या डोक्यावर नव्हती, हातात होती. दोन्ही दारं उघडी होती. तो मधोमध उभा राहिला. कुठल्या दाराकडे तोंड करावं ते त्याला कळेना.

"खाणीत दरड कोसळली," तो म्हणाला. "आपल्या गावचा एक गेला. कानियो लोरूसो."

"कुठला?" दोघींनी एकदमच विचारलं.

"मी विचारलं ना. तो फोनवरचा माणूस धड आपली भाषा बोलेना. म्हणाला, कानियो लोरूसो, सेर्रालूपा. मी म्हटलं, अरे बाबा, आमच्याकडे दोन आहेत. तेवढ्यात लाइन गेली. वरच्या घाटात तारा तुटल्यात बर्फाने." एजिदियो टोपी पिळत राहिला. "लाइन आली की ते पुन्हा करणार आहेत."

आता आमची रीत सांगायला हवी. घरात मृत्यू झाला की त्या घरची चूल विझवतात. आईने किंवा बायकोने स्वतःच्या हाताने ती विझवायची नसते. दुसरी कुणी बाई येते, पाण्याची घागर निखाऱ्यांवर ओतते, आणि मग शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात. कोंबडीचं सूप, शेवया, पाव, थोडी वाइन. आठव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत त्या घरी चूल पेटत नाही.

पण इथे चूल विझवायची कुणाची? कडू घास न्यायचा कुणाच्या दारी? अख्ख्या गल्लीने कोंबड्या शिजवल्या आणि सगळ्याजणी भांडी झाकून आपापल्या घरात बसल्या. शेवटी विचेन्झा मावशी, गल्लीतली सगळ्यात वडील बाई, भांडं उचलून निघाली. दोन्ही जावा दारात उभ्या होत्या. मावशीची पावलं जसजशी जवळ आली तसतशी इन्कोरोनाताने चौकट घट्ट धरली.

"मावशी, कुणाकडे निघालीस?" ती म्हणाली. "माझ्या उंबऱ्यावर ते भांडं ठेवलंस तर लाथेने उडवीन."

विचेन्झा मावशीने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि आल्या पावली परत गेली. ते सूप तिने नवऱ्याला वाढलं. तो म्हणाला, आज काय सण आहे?

रात्र कशीबशी गेली. कुणी रडलं नाही, कारण रडणं म्हणजे कबूल करणं. सकाळी दोनाता डोक्यावर शाल घेऊन एजिदियोच्या दुकानात फोनपाशी जाऊन बसली. इन्कोरोनाताला ते धाडस झालं नाही. ती घरातच राहिली. गल्लीत शांतता, आणि भिंतीपलीकडे दोनाताच्या चुलीतलं लाकूड तडतडत होतं. ती ऐकत बसली. एक पोर गेलंय हे तर नक्की होतं. एक चूल विझायचीच आहे. जी आधी विझेल तिथे मरण जाऊन बसेल, दुसरीकडे त्याला यायचं कारण उरणार नाही. असं कुठल्या धर्मात लिहिलेलं नाही, कुठल्या म्हातारीने सांगितलेलं नाही. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या सकाळी तिला ते आरशासारखं लख्ख दिसलं.

तिने आपली तांब्याची घागर उचलली, दोनाताच्या घरात गेली आणि ओतली.

चर्र आवाज झाला, वाफ धुराड्यात गेली. ती परत येऊन आपल्या चुलीपुढे बसली. तिची चूल जरा फुरफुरली आणि पुन्हा लागली. त्या क्षणी तिला बरं वाटलं. ते झाकण्यात काही अर्थ नाही, फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की घागर तिकडेच राहिली. उठून आणावी, तर त्या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकवेना.

थोड्या वेळाने दोनाताची पावलं वाजली. फोन आलेला नव्हता. इन्कोरोनाता भिंतीला कान लावून बसली. आता ती किंचाळेल, आता धावत येईल, झिंज्या उपटेल. काही नाही. बराच वेळ काही नाही. मग ओली राख खरवडल्याचा आवाज, सावकाश. दोनाताने राख भरून काढली, कोरडी लाकडं रचली, काडी ओढणार एवढ्यात एजिदियो पुन्हा गल्ली चढून आला. या वेळी तो मधोमध थांबला नाही. सरळ दोनाताच्या दारात गेला. गेलेल्या पोराच्या गळ्यात आईने दिलेलं संताचं पदक होतं, आणि ते धाकट्याचं होतं.

कडू घास आता भराभर आले. चूल विझवायला म्हणून विचेन्झा मावशी घागर घेऊन गेली, तर चूल आधीच विझलेली, आणि शेजारी थोरल्या जावेची घागर. मावशी म्हणाली, "बरं झालं, इन्कोरोनाताने केलंच आहे. घरच्याच माणसाने केलेलं बरं." दोनाताने ती घागर उचलून खिडकीतल्या फळीवर ठेवली.

शवपेटी आली, बरोबर थोरला कानियो आला. इन्कोरोनाताने चारचौघांत त्याला मिठी मारली नाही, पण रात्री झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला. अंत्यविधीनंतर तो काकूकडे गेला. त्याला वाटलं होतं ती शिव्या देईल, छाती बडवेल. ती एवढंच म्हणाली, "जेवलास का रे?" तो तिथून उठला तो पुन्हा त्या घरात गेला नाही. बेल्जियमचं नाव नको म्हणाला, ऑस्ट्रेलियाच्या बोटीचं ठरवलं. लोक म्हणाले, हे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. गावाच्या चौकात बस उभी होती तेव्हा त्याने आईचे हात धरले.

"आई, दोन वर्षांत येतो. आलो नाही तर तू म्हणशील ते."

"मी काय म्हणणार?" इन्कोरोनाता म्हणाली. "तू फक्त जिवंत राहा. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे चूल. एक विझली आणि एक पोर गेलं. दुसरी जळतेय तोवर दुसरं राहील. असा सौदा तिने कुणाशी केला होता ते तिचं तिलाच ठाऊक. मृत्यूशी म्हणा, देवाशी म्हणा.

कानियो क्वीन्सलँडला उसाच्या मळ्यात राबला, मग लाकडाच्या वखारीत लागला. तिथलीच एक मुलगी केली, तिचे आईबाप दुसऱ्याच डोंगरातले. दोन वर्षांची दहा झाली. नाताळाला आणि ईस्टरला एजिदियोच्या दुकानात फोन यायचा. इन्कोरोनाता चुलीत जाड ओंडका घालून, आपला काळा लोकरी झगा नीट करून खाली जायची आणि बोलता बोलता दाराकडे बघायची.

"आई, मी तिकीट पाठवतो. ये तू. नातवंडं बघ."

"चुलीचं काय?"

"कसली चूल? आई, इथे बटण दाबलं की जाळ होतो."

"तूच ये ना इकडे."

पलीकडे समुद्राचा असतो तसा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "काकू आहे ना अजून शेजारी?"

"आहे."

"मग कसा येऊ? मी नेलं होतं त्याला. तिने पुन्हा विचारलं, जेवलास का, तर मी काय करू? असं कर, चुलीचं काकूला सांग. महिनाभर ती लाकूड सरकवेल. तेवढं करील ती."

इन्कोरोनाताने फोन कानाशी धरून ठेवला. गल्लीत तेव्हा बरीच घरं बंद झाली होती. कुणी तोरिनोला मोटारींच्या कारखान्यात, कुणी जर्मनीत. विचेन्झा मावशी कबरस्तानात. चूल सांभाळायला सांगावी अशी एकच बाई उरली होती, आणि जगात जिला ते सांगता येणार नव्हतं अशीही तीच एक. "बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिकीट आलं, ते तिने संताच्या तसबिरीमागे खोचलं. ते तिथेच पिवळं पडलं.

मला तर बाईचा राग येतो. पोटच्या गोळ्याला जिवंत ठेवायचं म्हणून त्याचं तोंड बघायचं नाही, हा कुठला हिशेब? पण हे तिला कोण सांगणार? सांगितलं असतं तर तिने मोळीतलं लाकूडच उगारलं असतं.

आणि दोनाता? त्या सकाळच्या पाण्याबद्दल दोनाता कधी बोललीच नाही. दोघी जावा विहिरीवर भेटायच्या, हवेबद्दल बोलायच्या, ईस्टरला एकमेकींना गोड पाव द्यायच्या. भांडण नाही, तंटा नाही. फक्त ती तांब्याची घागर दोनाताच्या खिडकीतल्या फळीवर होती. दर शनिवारी ती तिला लिंबू लावून घासायची. गल्लीतून जाताना ती झळकायची, आणि इन्कोरोनाता दुसरीकडे बघायची. रोज तिला वाटायचं, आज ही काहीतरी म्हणेल. आज विचारेल. एकदा विचारलं असतं तर सुटले असते, असं तिला वाटायचं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण त्या एका धुराड्याखालच्या दोन चुलींमध्ये काय होतं ते त्या दोघींनाच माहीत.

मग एका ऑक्टोबरात, द्राक्षं काढून झाल्यावर, एजिदियो गल्ली चढून आला. आता तो म्हातारा झाला होता, काठी टेकत दर चार पायऱ्यांवर थांबत होता. इन्कोरोनाता दारात शेंगा सोलत बसली होती. काठी एका हातात. दुसऱ्या हातात टोपी.

तिच्या दाराशिवाय गल्लीत एकच दार उघडं होतं, दोनाताचं, आणि त्या दारात मरायला कुणी उरलंच नव्हतं.

"तुझ्या नातीचा फोन होता," एजिदियो म्हणाला. "तिला आपल्या भाषेतले चार शब्द येतात. वखारीत काम करताना छातीत कळ आली म्हणे. कानियोला. तिकडे पुरलंसुद्धा, इन्कोरोनाता. तिने आधीही फोन केला होता, मी दुकान बंद करून पडून होतो तापाने."

इन्कोरोनाता उठली. आत जाऊन बघून आली. ओकचं लाकूड लालबुंद होतं, वर वालाचं भांडं रटरटत होतं.

"तुझी काहीतरी चूक होतेय एजिदियो," ती म्हणाली. "चूल पेटलेली आहे."

"इन्कोरोनाता..."

"अरे, बघ ना आत येऊन. पेटलेली आहे."

एजिदियोने आत बघितलं नाही. तो पायरीवर बसला आणि टोपीत तोंड घालून रडायला लागला. ती आत जाऊन चुलीपुढे बसली. पोराला पुरलं तेव्हा ही जळत होती. छातीत कळ आली तेव्हाही जळत होती, बहुतेक त्याच वेळी तिने नवा ओंडका घातला असेल. ती जाळाकडे बघत राहिली. तिला रडू येईना. आयुष्यात एवढी फसगत तिची कुणी केली नव्हती, अर्जेंटिनाला गेलेल्या नवऱ्यानेसुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने दारात सावली पडली. दोनाता आली होती. हातात तीच तांब्याची घागर, काठोकाठ भरलेली. तिलाही आता ती पेलत नव्हती, पाणी तिच्या पायांवर हिंदकळत होतं.

"जाऊबाई, बाजूला सरा," ती म्हणाली.

"दोनाता, नको. नको गं."

"आईने विझवायची नसते. आणि गल्लीत दुसरी बाई कोण आहे?"

इन्कोरोनाता सरली नाही. दोनाताने तिला दंडाला धरून उठवलं, बाकावर बसवलं, वालाचं भांडं उतरवून ठेवलं आणि घागर ओतली. सावकाश, कडेकडेने, एकही निखारा राहणार नाही अशी. वाफेने खोली भरली. एवढ्या वर्षांची राख होती, ती काळी होऊन चुलीबाहेर ओघळली. मग ती घरी जाऊन कोंबडीचं सूप घेऊन आली. टोपी गल्लीत दिसली तेव्हाच तिने कोंबडी कापली असणार.

सुपाचा वाडगा समोर ठेवला तेव्हा इन्कोरोनाताला पहिल्यांदा रडू फुटलं.

"दोनाता, त्या दिवशी मी..."

"मला ठाऊक आहे. घागर ठेवून गेलात ना."

"मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं? मी रोज वाट बघत होते, आज बोलशील, उद्या बोलशील."

"काय बोलणार होते? पोर तर त्याच्या आधीच दरडीखाली गेलं होतं. तुमच्या पाण्याने नाही गेलं." दोनाता समोर बसली. "पण तुम्ही ओतलंत तेव्हा ते तुम्हाला माहीत नव्हतं. माझा मरावा म्हणून ओतलंत."

"हो," इन्कोरोनाता म्हणाली.

"मीही तेच मागत होते फोनपाशी बसून. तुमचा जावा म्हणून. फक्त माझ्या हातात घागर नव्हती."

चुलीतून शेवटची वाफ येत होती.

"मला माफ केलंस का गं?"

दोनाताने जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "खा, गार होईल."

खोली थंड होत चालली होती. त्या घराला थंडी माहीतच नव्हती, त्यामुळे भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या झाल्या. दोनाता उठली, घागर तिने पालथी घालून निथळली आणि बाकाखाली ठेवली.

"ही तुमची तुमच्याकडे राहू दे. मी गेले की माझ्याकडची विझवायला लागेल."

"आणि माझ्या वेळेला?" इन्कोरोनाताने विचारलं. "माझी कोण विझवणार?"

दोनाताने दारातून गल्लीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना कुलपं, त्यांच्यावर गंज. एजिदियो काठी टेकत खाली निघाला होता.

"तुमची तर विझलीच आहे आता," ती म्हणाली.

इन्कोरोनाताने चमचा उचलला. सूप गरम होतं, भिंतीपलीकडच्या चुलीवरचं.